आरोग्याचा हिशोब गावाच्या हातात कसा येईल? – कोल्हापूर जिल्ह्यासाठी एक प्रस्ताव आणि त्यावरील चर्चा

धागालेखक (भुदरगड तालुका)

आपल्या जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक गावात सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेच्या दारात किटल्या घेऊन माणसे उभी असतात. प्रत्येकाच्या दुधाचे फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) काढले जाते, लिटर मोजले जातात आणि दर दहा दिवसांनी बिल होते. एखाद्या दिवशी फॅट नेहमीपेक्षा कमी लागले, तर उत्पादक तिथल्या तिथे विचारणा करतो. दिवाळीला दुधाच्या दरातील फरक किती मिळाला यावर तर गावभर चर्चा होते. ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा आपला जिल्हा दूध संघ १९६३ साली स्थापन झाला. तेव्हापासून रोज दोनदा मोजणे, लिहून ठेवणे आणि जाब विचारणे ही सवय आपल्या गावांच्या अंगवळणी पडली आहे. या सवयीचा उपयोग आपण आरोग्यासाठी का केला नाही, हा प्रश्न मला इथे मांडायचा आहे. ज्यांना आपापल्या गावचा अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

गावातील आरोग्याची माहिती गोळा होत नाही असे नाही. ती भरपूर गोळा होते. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा सीबॅक फॉर्म (मधुमेह, रक्तदाब अशा आजारांचा धोका ओळखणारी प्रश्नावली) भरतात, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब आणि साखर तपासतात, अंगणवाडी सेविका मुलांची वजने आणि उंची नोंदवतात, जलसुरक्षक पाण्याचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवतात. हे सर्व आकडे उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, तिथून तालुक्याला आणि पुढे जिल्ह्याला जातात. ज्या गावातून ते निघाले, त्या गावाकडे मात्र ते क्वचितच परत येतात. गेल्या वर्षभरात आपल्या गावात किती जणांना नव्याने मधुमेह झाल्याचे कळले, त्यांपैकी किती जण नियमित गोळ्या घेतात, किती गरोदर स्त्रियांचे हिमोग्लोबिन अकराच्या खाली होते, हे प्रश्न ग्रामसभेत विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही. दुधाचे आकडेही असेच फक्त वर गेले असते आणि बिलाची चिठ्ठी उत्पादकाच्या हातात पडली नसती, तर दूध संस्थांवर लोकांचा इतका विश्वास बसला असता असे मला वाटत नाही.

हा विषय घरखर्चाशी थेट जोडलेला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे मोठ्या शस्त्रक्रियांचा भार हलका झाला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या, वेळोवेळीच्या तपासण्या, तालुक्याला जाण्याचे एसटीचे भाडे, रुग्णाचा बुडालेला रोजगार आणि त्याच्यासोबत गेलेल्या माणसाचाही बुडालेला रोजगार हा सगळा खर्च घराच्याच खिशातून जातो. रक्तदाबाच्या गोळ्या ‘आता बरे वाटते’ म्हणून किंवा उपकेंद्रात साठा संपला म्हणून बंद होतात, काही वर्षांनी पक्षाघात होतो, घरातील एक माणूस अंथरुणाला खिळतो आणि दुसरा त्याच्याजवळ अडकतो. मग वैरण-पाणी करायला कोणी उरत नाही, म्हणून म्हैस विकली जाते आणि दहा दिवसांनी येणारे बिलही थांबते. असे कुटुंब प्रत्येकाच्या ओळखीत असेल. त्या म्हशीच्या दुधाचा प्रत्येक आकडा गावात लिहिलेला असतो, पण ती सांभाळणाऱ्या बाईचा रक्तदाब शेवटी केव्हा मोजला होता हे घरातही ठाऊक नसते.

गावाने आरोग्य स्वतः हातात घेतल्याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हते. दुष्काळी भागातील लोकांची पहिली मागणी पाणी आणि अन्न ही होती, हे ओळखून त्यांनी आरोग्याचे काम विहिरी, शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे यांच्याशी बांधले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले, आणि प्रयोगातील गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली. माझ्या मते दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. नोंद ठेवणारी व्यक्ती गावातली होती आणि ती नोंद तिला स्वतःला समजत होती. ती केवळ वर पाठवण्यासाठी ठेवलेली नव्हती.

आपल्या मातीतही हा विचार नवा नाही. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक आपल्याला शिक्षणतज्ज्ञ म्हणून आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठामुळे माहीत आहेत. परंतु भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने १९८१ साली सर्वांसाठी आरोग्याचा जो पर्यायी आराखडा मांडला, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. आरोग्यव्यवस्था रुग्णालयांभोवती न बांधता लोकांभोवती बांधावी आणि तिला दारिद्र्यनिर्मूलनाची जोड द्यावी, हे त्या आराखड्याचे सूत्र होते.

माझा प्रस्ताव असा आहे. दर तीन महिन्यांनी, ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत गावाचा आरोग्य-हिशोब वाचला जावा. त्यात कोणाचेही नाव नसावे, केवळ एकूण आकडे असावेत. तोच हिशोब दूध संस्थेच्या फलकावर लावावा, कारण ग्रामपंचायतीच्या फलकापेक्षा तो फलक कितीतरी अधिक लोक रोज पाहतात. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर बहुतेक गावांत आहेच आणि तिच्यासाठी वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित (गरजेप्रमाणे खर्च करता येणाऱ्या) निधीची तरतूदही आहे. तो कशावर खर्च झाला, हेही त्याच सभेत सांगितले जावे. यातील उणिवा आपण दाखवाव्यात.


प्रतिसाद १ (निवृत्त आरोग्य सेविका, पन्हाळा तालुका)

प्रस्ताव चांगला आहे, परंतु अनेक वर्षे उपकेंद्रात काम केल्यानंतर काही गोष्टी सांगणे मला कर्तव्य वाटते.

पहिली गोष्ट गोपनीयतेची. नाव नसले तरी लहान गावात आकड्यावरून माणूस ओळखता येतो. ‘क्षयरोगाचे रुग्ण – एक’ असे फलकावर लिहिले, तर तो एक कोण हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते, आणि मग त्या घरच्या मुलीचे लग्न ठरताना अडचण येते. म्हणून क्षयरोग, एचआयव्ही, कुष्ठरोग, मानसिक आजार आणि गर्भपात यांचे आकडे गावपातळीवर कधीही वाचू नयेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पूर्ण क्षेत्रासाठी एकत्र करूनच सांगावेत. रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय आणि लसीकरण यांचे आकडे वाचायला हरकत नाही, कारण त्यांत बहुतेक प्रत्येक घर येते.

दुसरी गोष्ट आशाताईंची. त्यांच्याकडे आधीच इतक्या नोंदवह्या आहेत, की नवी वही हातात दिली तर ती घरी बसून भरली जाईल आणि त्या आकड्यांना काही अर्थ राहणार नाही. त्या कामाच्या मोबदल्यावर जगतात, त्यांना नियमित पगार नाही, हे गावाने लक्षात ठेवावे. असलेल्या नोंदींतूनच पाच-सहा आकडे निवडावेत आणि ते वाचून दाखवण्याचे काम समितीतील अन्य सदस्यांनी करावे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पैसा आला की आरोग्य आपोआप सुधारते, असे आपण धरून चालतो. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली होत्या. त्या वेळी कारखाने चालू होते, दूध वाढत होते, ऊसपट्ट्यात पक्की घरे बांधली जात होती. पैशाबरोबर सोनोग्राफीपर्यंतची वाटही सोपी झाली. त्या काळात आम्ही घरोघरी जात होतो, कोणत्या घरी काय चालले आहे याची कुजबुज आम्हाला ऐकू येत होती, आणि तरीही ग्रामसभेत हा विषय कोणी काढल्याचे मला आठवत नाही. नंतर जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी केंद्रांवर देखरेख कडक केली, जनजागृतीही झाली. परंतु गावाने स्वतः तो आकडा विचारला असता तर अधिक बरे झाले असते. म्हणून हिशोबात पहिली ओळ जन्माची असावी: मुले किती, मुली किती. एका वर्षाचा आकडा लहान गावात वर-खाली होतो आणि त्यातून चुकीचा निष्कर्ष निघतो, म्हणून सलग पाच वर्षांची बेरीज वाचावी.


प्रतिसाद २ (शिरोळ तालुका)

आमच्याकडे आरोग्य म्हणजे आधी पाणी. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. पूर ओसरल्यावर मदतीच्या गाड्या येतात, कपडे आणि धान्य मिळते, पण विहिरी, बोअर आणि गावच्या टाकीचे काय करायचे हे ठरवायला त्या दिवसांत कोणाकडेही वेळ नसतो. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली असे सांगितले जाते. मात्र ती पावडर किती जुनी आहे, उघड्या पोत्यात पडून तिच्यातला क्लोरीन उडून गेला आहे का, हे फारसे कोणी पाहत नाही. शेवटच्या नळाला येणाऱ्या पाण्यात मोकळा क्लोरीन उरला आहे की नाही, हे ओटी चाचणीने (पाण्यात द्रावण टाकून रंग पाहण्याच्या चाचणीने) काही क्षणांत कळते. नेहमीच्या दिवसांत तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा आणि साथीच्या काळात त्याहून जास्त. ही चाचणी शाळेतली आठवीची मुलगीही करू शकते. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावातील त्या पाच महिला कोण आहेत आणि तो संच सध्या कोणाच्या कपाटात आहे, हे कृपया प्रत्येकाने शोधावे.

ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांच्या सर्वेक्षणानंतर लाल (जास्त धोका), पिवळे (मध्यम) किंवा हिरवे (कमी) कार्ड दिले जाते. त्याचा रंग कोणता, हे आमच्या गावात विचारले तेव्हा अनेकांना असे कार्ड असते हेच माहीत नव्हते. आरोग्य-हिशोबात या कार्डाचा रंग अवश्य असावा. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली, हे आम्ही विसरलेलो नाही. पंचगंगेचे प्रदूषण हा वरच्या गावांचा, साखर आणि कापड उद्योगाचा आणि मोठ्या शहरांच्या सांडपाण्याचा एकत्रित प्रश्न आहे, तो एका गावाच्या सभेत सुटणार नाही. पण नदीकाठची पंचवीस-तीस गावे एकाच आठवड्यात पाणी तपासून आकडे एकत्र मांडू लागली, तर त्यांच्या तक्रारीला वजन येईल.

आर्थिक बाजूवर एक अनुभव सांगतो. आमच्या तालुक्यात उसाला अनेक वर्षे बेसुमार पाणी दिल्यामुळे आणि निचरा नसल्यामुळे हजारो एकर जमीन क्षारपड झाली. ज्या रानात पूर्वी एकरी चांगला ऊस निघत होता तिथे पांढरा थर दिसू लागला आणि केवळ वेड्या बाभळी उरल्या. ही जमीन एकट्या शेतकऱ्याला सुधारता येत नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी बाहेर काढायचे, तर ते शेवटी कोणत्या तरी ओढ्याला किंवा नदीला सोडावे लागते, आणि मुख्य पाइपलाइन दहा-वीस जणांच्या रानातून न्यावी लागते. एक जण आडवा आला की सगळ्यांचे काम अडते. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने अनेक गावांतील शेतकरी एकत्र आले, कर्जाची व्यवस्था झाली, आणि पडीक जमिनीत पुन्हा पिके उभी राहिली. बांधावरून कोर्टात गेलेले शेजारी इथे एका पाइपलाइनसाठी सह्या करतात, हे मी पाहिले आहे. सह्या झाल्या, कारण प्रत्येकाच्या वाट्याला किती मीटर पाइप आणि किती पैसे येतात हे सर्वांसमोर लिहिले गेले होते.

आमच्याच तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सर्व ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या गोष्टींचा आरोग्याशी काय संबंध, असे कोणी विचारेल. ज्या बाईला सण-समारंभाला बोलावले जात नाही, ती बचत गटाच्या बैठकीला येण्यासही कचरते, स्वतःचे दुखणे सांगत नाही आणि दूध संस्थेत स्वतःच्या नावे खातेही मागत नाही.


प्रतिसाद ३ (ग्रामसंघातील कार्यकर्ती, गडहिंग्लज तालुका)

शिरोळच्या दादांनी शेवटी लिहिलेले मला फार पटले.

धागालेखकांनी महिला सभेचा उल्लेख केला आहे, पण ग्रामसंघाचा, म्हणजे गावातील बचत गटांच्या संघाचा, केला नाही. उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात बचत गटांच्या नियमांची पंचसूत्री दशसूत्री झाली, तेव्हा तिच्यात आरोग्याची काळजी हे सूत्र घातले गेले. प्रत्यक्षात बैठकीत बचत, कर्ज आणि परतफेड यांतच वेळ संपतो, आणि आरोग्याची ओळ इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढीच राहते.

आमच्या वह्यांमध्ये मात्र एक मोठी माहिती पडून आहे. प्रत्येक गटात अंतर्गत कर्ज देताना कारण लिहिले जाते. आमच्या ग्रामसंघातील गटांची कर्जे आम्ही कारणांनुसार वेगळी केली, तेव्हा शेळीपालन आणि शिलाई मशिन यांपेक्षा दवाखान्यासाठी काढलेली कर्जे जास्त वेळा दिसली. ती रक्कम लहान असते, पण ती तातडीची असते. गटातून लगेच मिळाली नाही, तर बाई खासगी मायक्रोफायनान्सकडे जाते. तिथे कागदावर कारण ‘व्यवसाय’ असते आणि पैसा सलाईनवर खर्च झालेला असतो. त्यातून उत्पन्न काहीच येत नाही, हप्ता मात्र येतो, आणि एक हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढले जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नयेत. पण हा नियम आमच्या भगिनींना कोणी सांगितलेला नसतो.

ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो, तो अन्नाची टंचाई, आजारपण, अपघात अशा अडचणींसाठीच आहे. तो खात्यात तसाच पडून राहणार नाही आणि नेमक्या गरजू घरापर्यंत पोहोचेल, हे पाहणे आमचे काम आहे. माझी सूचना अशी, की आरोग्य-हिशोबात ‘या तिमाहीत आजारपणासाठी गटांतून किती कर्ज काढले गेले’ ही ओळ घालावी. आजाराची खरी किंमत गावाला त्यातून कळेल, आणि यासाठी आशाताईंना एकही नवा फॉर्म भरावा लागणार नाही.

रक्तक्षयाबद्दलही लिहावेसे वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आमच्या भागात दूध आहे, भुईमूग आहे, गूळ आहे, नाचणी आहे. तरीही बाई सर्वांचे झाल्यावर उरलेले खाते, धारेच्या वेळी फक्त चहा घेऊन गोठ्यात जाते, आणि लोहाच्या गोळ्यांनी मळमळते म्हणून त्या सोडून देते. गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी आणि तिच्या आगेमागे चहा टाळावा, एवढे सांगितल्यावर आमच्या गटातील अनेकींनी ती चालू ठेवली.


प्रतिसाद ४ (हुपरी)

आपण सर्व ग्रामसभेबद्दल बोलत आहात. आमच्या गावात आता ग्रामसभा नाही. हुपरी नगरपरिषद झाली. आजरा, चंदगड, हातकणंगले यांच्या नगरपंचायती झाल्या. गाव मोठे झाले याचा आनंद आहे, परंतु ज्या सभेत उभे राहून कोणीही प्रश्न विचारू शकत होता ती सभा गेली, आणि तिच्या जागी तसे काही उभे राहिले नाही. बचत गटांनाही ग्रामीण अभियानातून शहरी अभियानात जावे लागते, त्या बदलात अनेक गट विस्कळीत होतात. जिल्ह्यातील लहान शहरे ही आज सर्वांत दुर्लक्षित जागा आहे असे माझे ठाम मत आहे, कारण ती गावांच्या योजनांतून बाहेर पडली आणि मोठ्या शहरांच्या सोयी त्यांच्यापर्यंत आल्या नाहीत. शहरी आरोग्य अभियान मुख्यतः पन्नास हजारांवरील लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे.

आमच्याकडे घरोघरी चांदीचे काम चालते. आटणी, आम्लात उजाळा देणे, दिवसभर मान खाली घालून केलेली जोडणी यांतून दमा, डोळ्यांचे विकार आणि पाठीची दुखणी होतात. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांना आवाजाचा आणि सुताच्या धुळीचा त्रास होतो. हा आजार घरातच होतो आणि कारखानाही घरच असतो, म्हणून तो कोणत्याच नोंदीत ‘कामामुळे झालेला आजार’ म्हणून येत नाही. प्रभागनिहाय सभा घेऊन असा हिशोब वाचता येईल का, यावर मार्गदर्शन हवे आहे.


प्रतिसाद ५ (कागल तालुका)

या चर्चेत अद्याप कोणी ऊसतोड मजुरांचा विषय काढला नाही. दिवाळीनंतर बीड आणि मराठवाड्याच्या अन्य भागांतून हजारो कुटुंबे आपल्या शिवारात येतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, आपल्याच गावाच्या हद्दीत पालांमध्ये राहतात. त्यांच्या तोडणीवर आपला ऊस कारखान्याला जातो आणि आपले बिल होते. गावच्या आरोग्य-हिशोबात ही माणसे कुठे आहेत? आपल्या ग्रामसभेत त्यांना मत नाही, त्यांचे रेशन कार्ड दुसऱ्या जिल्ह्यातले, गरोदर बाईचे माता-बालक कार्ड तिच्या गावी राहिलेले, आणि बाळाची लस इथे द्यायची की तिकडे यात ती चुकते. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण २०१९ साली चव्हाट्यावर आले, तेव्हा आपण सर्वांनी हळहळ व्यक्त केली. पण त्या बायका वर्षातील निम्मा काळ ज्या जिल्ह्यांत राबतात त्यांत आपलाही जिल्हा आहे. फडात शौचालय नाही, आजारपणात खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. त्या शस्त्रक्रियांमागचे हे एक कारण आपल्या बांधावरच आहे.

गावाने करण्यासारखे बरेच आहे. हंगामाच्या सुरुवातीला पालांची यादी करून ती उपकेंद्राला देणे, आठवड्यातून एकदा संध्याकाळी तोडणी संपल्यावर पालावर तपासणी ठेवणे, पिण्याच्या पाण्याचा एक नळ त्यांच्यासाठी मोकळा करणे आणि लहान मुलांना त्या महिन्यांपुरते अंगणवाडीत घेणे. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. ज्यांच्या शेतात पाल पडते त्या शेतकऱ्यांनी पुढाकार घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.


प्रतिसाद ६ (शाहूवाडी तालुका)

आमच्या वाड्या डोंगरात विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की १०८ ची गाडी शेवटच्या वाडीपर्यंत येत नाही. गावातील दोन जीपचालकांचे क्रमांक आणि भाड्याचा ठरलेला दर फलकावर लिहिण्याचा ठराव आम्ही केला आहे. भाडे त्या वेळी जवळ नसेल तर ग्रामसंघ देतो आणि नंतर वसूल करतो. प्रस्तावात अंतर आणि वाहन यांचा विचार व्हावा, एवढेच सांगायचे आहे.


धागालेखक (भुदरगड तालुका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांमुळे प्रस्ताव पुष्कळ बदलला आहे, आणि तो बदललेल्या स्वरूपात लिहून ठेवणे योग्य ठरेल.

ताईंनी सांगितलेली गोपनीयतेची मर्यादा मी जशीच्या तशी स्वीकारतो. जे आजार घराला कलंक लावतात त्यांचे आकडे गावात वाचले जाणार नाहीत. हिशोबात जन्मलेल्या मुला-मुलींची पाच वर्षांची बेरीज, पाण्याच्या कार्डाचा रंग आणि शेवटच्या नळावरील क्लोरीनची नोंद, उपकेंद्रात रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या किती दिवस उपलब्ध नव्हत्या, गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचे प्रमाण, आणि गटांतून आजारपणासाठी काढलेले कर्ज एवढेच असावे. हंगामात पालावरील तपासण्यांची ओळ वेगळी जोडावी. यांतील गोळ्यांच्या साठ्याची ओळ मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती रुग्णाला दोष न देता व्यवस्थेला प्रश्न विचारते. आपल्याकडे आरोग्याची चर्चा अनेकदा ‘लोकच काळजी घेत नाहीत’ इथे येऊन थांबते, आणि गावाने हिशोब हाती घेतला तर तोही याच सुरात वाचला जाण्याचा धोका आहे. कोणाच्या घरी साखर वाढली हे विचारण्यासाठी ही सभा नाही. उपकेंद्र, ग्रामपंचायत आणि आपण सर्व यांनी काय करायचे ठरवले होते आणि ते झाले का, हे विचारण्यासाठी ती आहे.

हुपरीच्या प्रश्नावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. परंतु नगरपंचायत झाली तरी दूध संस्था, पतसंस्था, सेवा सोसायटी आणि तालीम मंडळे तशीच राहतात. जिथे ग्रामसभा उरली नाही तिथे या संस्थांच्या सभांचा आधार घ्यावा लागेल. या बाबतीत सहकारातील कोणी लिहिले तर बरे होईल.


प्रतिसाद ७ (दूध संस्थेचे सचिव, राधानगरी तालुका)

सहकारातील म्हणून लिहितो. दूध संस्थेने फलक द्यायला कोणतीही अडचण नाही. संचालक मंडळाचा साधा ठराव पुरेसा आहे. त्यापुढे जायचे असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभेची वाट धरावी लागेल. ही सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि तिच्यात नफ्याची वाटणी मंजूर होते. नफ्यातील किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो. त्यानंतर उरलेल्या रकमेतून सभासद कल्याणासाठी तरतूद करता येते, मात्र संस्थेच्या उपविधीत तशी सोय आहे का हे आधी पाहावे. नसेल तर उपविधी दुरुस्तीचा विषय त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि मंजुरीसाठी सहायक निबंधक कार्यालयाकडे पाठवावा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. संस्थेच्या निवडणुकीत गट असतात. एका गटाने आरोग्याचा उपक्रम आणला की दुसरा गट त्यापासून दूर राहतो, आणि सत्ता बदलली की उपक्रम बंद पडतो. म्हणून हा हिशोब संचालकांनी न वाचता ग्रामसंघाच्या महिलांनी वाचावा, आणि संस्थेने केवळ जागा, फलक आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र द्यावे. दुसरे असे, की अनेक ठिकाणी जनावरे बाई सांभाळते, धार बाई काढते आणि सभासदत्व मात्र पुरुषाच्या नावावर असते. मग सर्वसाधारण सभेत जी उपस्थिती असते तिच्यात ज्यांचा प्रश्न आहे त्याच दिसत नाहीत. आमच्या संस्थेत आम्ही नवीन सभासदत्व देताना घरातील स्त्रीचे नाव प्रथम सुचवतो, आणि अनेक घरांनी ते मान्य केले आहे. जुन्या सभासदत्वाचे हस्तांतरण अधिक किचकट आहे, पण तेही करता येते.

रक्तदाब मोजण्याबद्दल एक व्यावहारिक सूचना आहे. सकाळच्या संकलनाच्या वेळी मोजू नये. किटली उचलून, चढ चढून आलेल्या माणसाचा आकडा जास्त येतो आणि लोक विनाकारण घाबरतात. संध्याकाळी दूध घालून झाल्यावर पाच-दहा मिनिटे बाकावर बसवून मगच मोजावे. जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे आणि तरीही जास्त राहिला तर आशाताईंमार्फत उपकेंद्राची चिठ्ठी द्यावी. नोंद सभासदाच्या स्वतःच्या दूध कार्डाच्या मागील बाजूस करावी, म्हणजे ती त्याच्याकडेच राहते आणि संस्थेच्या दप्तरात जात नाही.

आमच्या संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्यासाठी मी ठरावाचा मसुदा तयार करतो आणि तो इथेच ठेवतो. निवृत्त आरोग्य सेविका ताईंनी त्यातील आरोग्याचा भाग आणि गडहिंग्लजच्या ताईंनी कर्जाच्या नोंदीचा भाग तपासून द्यावा, अशी विनंती आहे.